पॉइंट टू-टूची रायफल आणि परवडणारी दुर्बीण

तत्त्वज्ञानाचा मास्तर वालचंदनगरला येऊन रायफलच्या दुर्बिणीवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. विषय वेगळा आहे, पण वाटतो तितका परका नाही. पाहणं म्हणजे काय, आणि पाहण्यात चूक कुठून शिरते, हाच आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. आज तो ५० मीटर लांबीच्या रेंजवर नेऊन बघू.

निमित्त तुम्हाला माहीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरी, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. दोघांच्या हातात होती ती पॉइंट टू-टूची रायफल, आणि आता पालक मला विचारतात, "सर, मुलाला टू-टू घ्यायची म्हणतोय, तिच्यावर स्वस्तातली चांगली दुर्बीण कुठली?"

पहिलं उत्तर ऐकून पालक जरा गोंधळतात. ते असं, की स्वप्नीलच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. तेजस्विनीच्याही नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे या प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावायला बंदी आहे. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे एक कडं, आणि त्या कड्यात दूरवरचं काळं वर्तुळ बसवायचं. नजरेचा नंबर सुधारणारी काच चालते, मोठं करून दाखवणारी चालत नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धाही याच नियमांनी होतात. रेंजवर नेमबाजाच्या शेजारी तिकाटण्यावर दुर्बीण उभी दिसते ना, ती स्पॉटिंग स्कोप. गोळी कुठे लागली हे बघण्यापुरती. तिने नेम धरत नाहीत. तेव्हा मुलाला त्या वाटेने जायचं असेल, तर रायफलवरच्या दुर्बिणीचे पैसे आजच वाचले. ते काडतुसांना, जॅकेटला, रेंजच्या फीला आणि प्रशिक्षकाला द्या.

मग ही दुर्बीण लागते कोणाला? तिघांना. बेंचरेस्ट नावाचा प्रकार आहे, त्यात रायफल टेबलावर टेकवून नेम धरतात, तिथे दुर्बीण चालते. दुसरे, वय झालेले क्लबचे सभासद. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य ही तीन अंतरं साठीनंतरच्या डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात येतात, डोळ्याचं काम हलकं होतं. तिसरा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चूक रायफलची, काडतुसाची की माणसाची, हे वेगळं काढायला. रायफल टेकवून, दुर्बिणीतून, एकाच लॉटची दहा काडतुसं एका ठिकाणी मारून बघा. भोकं जवळजवळ पडली, तर रायफलला आणि काडतुसाला दोष देता येत नाही. राहिलं कोण, ते सांगायला नको.

चौथा उपयोग कोणाच्या मनात असेल, तर इथेच थांबवतो. टू-टू हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं शस्त्र आहे, परवान्याशिवाय ते घरात येत नाही. आणि शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा बघायची असतील, तर साधी दुर्बीण गळ्यात घालून जा.

आता दुर्बिणीकडे येतो. आमचे नैयायिक म्हणतात, चुकीचं ज्ञान उगाच होत नाही, कारणसामग्रीत कुठेतरी दोष असतो. त्यांची दोन आवडती उदाहरणं आहेत. पित्त झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, आणि एवढा मोठा चंद्र दूर असल्यामुळे थाळीएवढा दिसतो. एक दोष पित्ताचा, एक दूरत्वाचा. रायफलची दुर्बीण दूरत्वाचा दोष कमी करते, हे खरं. पण ती स्वतःचे दोष घेऊन येते. स्वस्त दुर्बीण निवडायची म्हणजे तिचा कुठला दोष आपल्याला चालेल आणि कुठला चालणार नाही, हे ठरवायचं. दुकानदार सांगतो गुण. आपण विचारायचे दोष.

न चालणारा पहिला दोष म्हणजे पॅरॅलॅक्स, शास्त्राच्या पुस्तकातला पराशय. मोटरसायकलवर मागे बसून स्पीडचा काटा बघितला तर चाळीसचा अडतीस दिसतो. काटा आणि आकडे वेगवेगळ्या पातळीवर, आणि डोळा बाजूला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांगल्या मीटरच्या काट्यामागे आरशाची पट्टी असते ती याचसाठी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की डोळा सरळ आहे. दुर्बिणीत असा आरसा नाही. फुलीच्या तारा आणि लक्ष्याची प्रतिमा एका पातळीवर नसतील, तर डोकं जरा हललं की फुली लक्ष्यावरून सरकते. रायफल जागची हललेली नसते!

याचा हिशेब सोपा आहे, कागदावर लिहून घ्या. दुर्बीण एका ठरावीक अंतराला पॅरॅलॅक्समुक्त केलेली असते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्ड किंवा त्याहून जास्तीला. आपण सोयीसाठी १०० मीटर धरू. पुढच्या काचेचा व्यास ४० मिलिमीटर, तुम्ही मारताय ५० मीटरवर. काचेच्या व्यासाचा अर्धा २०. त्याला गुणा अंतरातल्या फरकाने, ५० ने, आणि भागा १०० ने. आले १० मिलिमीटर. डोळा पार कडेला गेला तर एवढी चूक होऊ शकते. आता ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ केवढं? व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट दहाच्या बाहेर. ही चूक हाताची नाही, श्वासाची नाही, घेताना न विचारलेल्या एका प्रश्नाची आहे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा: ही दुर्बीण पॅरॅलॅक्ससाठी किती अंतराला लावलेली आहे? रिमफायरसाठी बनवलेल्या दुर्बिणी ५०-६० यार्डाला लावलेल्या असतात. त्यातली साधी, कमी किमतीचीसुद्धा, इथे मोठ्या रायफलीच्या महागड्या दुर्बिणीपेक्षा बरी. पुढच्या काचेचं कडं किंवा बाजूचं बटण फिरवून अंतर बदलता येत असेल तर उत्तमच.

दुसरा मोह मोठं दिसण्याचा. डब्यावर २४ पट, ३२ पट लिहिलेलं असतं. बेंचरेस्टचे मुरलेले खेळाडू तेवढी घेतातही, पण त्यांची काच तशी असते आणि रायफल ठोकळ्यावर असते. आपल्याला ९ पट पुरे. ५० मीटरवरचं लक्ष्य साडेपाच मीटरवर आल्यासारखं दिसतं, पांढऱ्या कागदावरचं भोकही दिसतं. याच्या पुढे दोन तोटे सुरू होतात. एक प्रकाशाचा. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटर, डोळा सहज बसतो. ४० भागिले २४ म्हणजे दीडपेक्षा थोडं जास्त. चित्र अंधुक, आणि डोकं जरा हललं की सगळं काळं. दुसरा तोटा हवेचा. मे महिन्यात इंदापूरच्या माळावर दुपारी जमिनीवरची हवा उकळत असते, नेमबाज तिला मिराज म्हणतात. मृगजळच ते. दुर्बीण लक्ष्य मोठं करते तसं मृगजळही मोठं करते.

आणि हाताचा कंपही. तो वाढत नाही, दिसतो जास्त. नवशिका घाबरतो, फुली मधोमध आली रे आली की घोडा झटक्याने ओढतो, आणि गोळी जाते भलतीकडे. द्रोणाचार्यांनी शिष्यांना काय दिसतं हे विचारलं होतं, किती मोठं दिसतं हे नव्हे.

तिसरा दोष वालचंदनगरकरांना समजावायला नको. लेथच्या स्क्रूला बॅकलॅश असतो. हँडल उलट फिरवलं तर थोडा वेळ काहीच हलत नाही. दुर्बिणीवरच्या दोन टरेट म्हणजे असेच स्क्रू. बहुतेकींची एक टिक म्हणजे पाव मिनिट, इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर ती होते सुमारे ३.६ मिलिमीटर. पण स्वस्त दुर्बिणीत टिक वाजते आणि फुली हलत नाही, मग पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम हलते. ज्या गावात इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग तयार झाली, तिथे मोजमापाचं महत्त्व मी काय सांगू? दुर्बीण लाकडी ठोकळ्याला नीट बांधा, ठोकळा व्हाइसमध्ये धरा. दुर्बिणीची नळी व्हाइसमध्ये थेट धरू नका, चेपेल. ५० मीटरवर चौकटीचा कागद लावा. २० टिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली. फुली प्रत्येक वेळी साधारण ७३ मिलिमीटर सरकली पाहिजे आणि शेवटी मूळ जागी आली पाहिजे. किंचित बॅकलॅश असेल तर चालवून घ्या. नेहमी थोडं पुढे जाऊन एकाच दिशेने परत या, लेथवर करता तसंच. मूळ जागी आलीच नाही, तर दुर्बीण परत करा.

एका बाबतीत मात्र टू-टू आपल्या खिशावर मेहेरबान आहे. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेत पेटणारं मिश्रण भरलेलं असतं, पिन त्या कडेवर आपटते. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग आवाजाच्या आसपास किंवा कमी. धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे भक्कमपणासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. पण हीच दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलवर चढवू नका. तिचा पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दोन्हीकडून धक्का देतो, साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचा त्याने सैल होतात. शिवाय १० मीटरवर पॅरॅलॅक्सचा प्रश्न आणखी बिकट. तिच्यासाठी वेगळी, तशी बनवलेलीच घ्या.

शेवटची गोष्ट माउंटची. दुर्बीण धरणाऱ्या या दोन रिंगा हलल्या, तर वरची काच कितीही भारी असो, उपयोग नाही. बऱ्याच टू-टू रायफलींवर ११ मिलिमीटरची खाच असते. माउंट त्या मापाचं हवं, रिंगा दुर्बिणीच्या नळीच्या मापाच्या. समजा तुमच्याकडे दहा हजार रुपये आहेत, तर सगळे दुर्बिणीत घालू नका. दोन हजार माउंटला ठेवा, दोन हजार चाचणीच्या काडतुसांना. उरलेल्या सहात ४ पटीची स्थिर किंवा २ ते ७, फार तर ३ ते ९ पटीची, रिमफायरच्या अंतराला लावलेली बघा. आणि तिला ५० मीटरवर बसवलीत तर १०० मीटरवर गोळी वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली जाते, हे ध्यानात ठेवा. फुलीवर कितीही रेघा असोत, त्यांचा अर्थ रेंजवर मारूनच कळतो.

आता प्रश्न. मागून विचारलंय, "मुलगी एन.सी.सी.त टू-टू चांगली मारते. उसाचं बिल आलं की तिला रायफल आणि दुर्बीण घेऊन द्यावी म्हणतोय. काय करू?"

छान प्रश्न. रायफलची घाई करू नका. आधी तिला पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर किंवा जवळच्या क्लबात न्या, पीप साइटवर एक हंगाम मारू द्या, तिथली रायफल वापरू द्या. बिलातून काही घ्यायचंच असेल, तर तिकाटण्यासह एक साधी स्पॉटिंग स्कोप घ्या. प्रत्येक गोळीनंतर ती स्वतः त्यातून बघेल, वहीत टिपेल, गोळी डावीकडे का गेली याचा विचार करेल. ही दुर्बीण नियमात बसते आणि रायफल बदलली तरी बदलावी लागत नाही. हिवाळ्यात भिगवणला नेलीत, तर रोहित पक्षी तुम्हालाही दिसतील.

पुढचा प्रश्न?