बेंद्रे आडनावाच्या चार तारा

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचे आडनाव विचारायचे आणि त्यावरून त्याचे गाव, घरची भाषा ठरवून मोकळे व्हायचे, ही आपल्या सीमाभागाची जुनी खोड. बेंद्रे हे आडनाव मात्र या खोडीला पुरून उरते. आडनाव तसे विरळच. पण धारवाडात ते घेतले की कवी आठवतो, पुण्यात इतिहास संशोधक, तर बडोद्यात चित्रकार!

पहिला मान अर्थातच वरकवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा. ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडात जन्म. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ साली पदवी घेऊन ते धारवाडला शिक्षक झाले आणि कविता लिहिली ती कानडीत. टोपणनाव घेतले ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आद्याक्षरांत वडील होतेच, कवितेखाली त्यांनी आईला जागा दिली. ‘नरबलि’ या कवितेपायी १९३२ साली इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. तेव्हा आपल्या बेळगावजवळच्या हिंडलग्यातही ते होते. १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या महाविद्यालयात कानडीचे प्राध्यापक होते. ‘नाकु तंति’ या संग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. मराठीतही त्यांनी लेखन केले. १९८१ साली ते गेले; पण धारवाडच्या घरांत ते आजही ‘बेंद्रे अज्ज’च आहेत.

दुसरे वासुदेव सीताराम बेंद्रे. १८९४ साली पेण येथे जन्मलेल्या या संशोधकाने आयुष्य शिवकाळाच्या कागदपत्रांत घालवले. भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात असे. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र शोधून १९३३ साली लोकांपुढे आणले. संभाजी महाराजांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले आणि त्या राजाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

तिसरे नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे. जन्म १९१० चा. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलाशाखा सुरू झाली, तेव्हापासून त्यांनी तिथे चित्रकार घडवले. पुढे ते शाखेचे प्रमुखही झाले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

आणि चौथी, मुलाबाळांच्या ओळखीची सोनाली बेंद्रे. मुंबईची ही मराठी मुलगी हिंदीत गाजली. २००० साली शिवराजकुमार आणि उपेंद्र यांच्यासोबत ‘प्रीत्से’ या कानडी चित्रपटातही चमकली. २०१८ साली कर्करोगाशी झुंजताना तिने आपला आजार लपवला नाही. अनेक घरांना त्यातून धीर मिळाला.

हे चौघे एका घरचे, असा आमचा दावा नाही. सांगायचे ते वेगळेच. शाळेच्या अर्जात मातृभाषेसाठी एकच रकाना असतो आणि आपल्याकडची मुले तिथे अडखळतात. आई एका भाषेत रागावते, अज्जी दुसऱ्या भाषेत गोष्ट सांगते. मग लिहायचे काय? धारवाडच्या दत्तात्रेयालाही हा प्रश्न पडला असता. त्याने एक भाषा घरात जपली, दुसरी मोठी केली. आणि कुणाचेच देणे बुडवले नाही.

‘नाकु तंति’ म्हणजे चार तारा. वाद्य एकच असते. ते वाजते, कारण तारा वेगवेगळ्या असतात. पुढच्या पंगतीत आडनाव विचाराल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.