उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाताय? तिथलं वाचनालय अम्मी-अब्बांसाठीही आहे

एप्रिल-मे आला की आपल्या बऱ्याच घरांत बॅगा भरायला सुरुवात होते. मुलगा न्यू जर्सीत नाहीतर लेक डॅलसला. मसाल्याची पाकिटं, लोणच्याची बरणी, नातवंडांचे कपडे, अब्बांची सहा महिन्यांची औषधं. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायची परवानगी मिळते आणि मुलांचाही आग्रह असतो की आलाच आहात तर पूर्ण उन्हाळा राहा.

पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मग मुलगा-सून कामाला लागतात, नातवंडं समर कॅम्पला जातात आणि सकाळी साडेआठला घर रिकामं होतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही. शेजारी हात हलवतो आणि गाडीत बसून निघून जातो. दिवसही लवकर संपत नाही. जूनच्या शेवटी न्यू जर्सीत सूर्य मावळतो रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे मगरिब तेव्हा. दुपारच्या जोहरपासून तिथपर्यंतचा वेळ अम्मी-अब्बा कसा काढतात, हे मुलांनाही नीट ठाऊक नसतं. भारतातला टीव्ही लावायचा, फोनवर इकडच्या नातेवाइकांशी बोलायचं, तेही वेळेच्या फरकामुळे रात्रीच. 'घर छान आहे, पण बोलायला कोणी नाही,' हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर लिहायचं ठरवलं.

त्याच गावात, बहुतेक वेळा दोन-तीन मैलांच्या आत, एक इमारत असते. आत एसी असतो, बसायला खुर्च्या असतात, काही विकत घ्यावं लागत नाही आणि उन्हाळ्यात तिथे मोठ्या माणसांसाठी खास कार्यक्रम चालतात. ती इमारत म्हणजे सार्वजनिक वाचनालय, तिकडचं पब्लिक लायब्ररी. आपली मंडळी तिथे जातात ती नातवंडांना सोडायला, आणि दारातून परत येतात.

यात त्यांची चूक नाही. वाचनालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत, पण तिथे सहसा अनामत रक्कम भरावी लागते, महिन्याची वर्गणी असते, आणि पुस्तकं पुष्कळदा कुलूपबंद कपाटात. सकाळी वर्तमानपत्र वाचणारे चार ज्येष्ठ आणि अभ्यासाला बसलेली स्पर्धा परीक्षेची मुलं. बाई माणूस तिथे दुपारी जाऊन निवांत बसलीय, असं दृश्य क्वचितच.

पैसे कोण देतं?

हा पहिला प्रश्न असतो, आणि रास्त आहे. फुकट म्हटलं की आपल्या लोकांना संकोच वाटतो, खैरात घेतल्यासारखं वाटतं. तर हिशेब सांगतो. लोकांच्या कराच्या पैशांतून चालणारं वाचनालय ही कल्पना अमेरिकेत १८३३ साली न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो या गावात उभी राहिली. आज न्यू जर्सीत ज्या शहरांचं स्वतःचं नगर वाचनालय आहे, तिथे मालमत्तेच्या बाजारभावाच्या हिशेबाने दर हजार डॉलरमागे किमान ३३ सेंट वाचनालयासाठी द्यावेत असा कायदाच आहे. म्हणजे पाच लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला साधारण १६७ डॉलर. तुमच्या मुलाने घर घेतलं असेल तर ते पैसे त्याच्या घरपट्टीतून गेलेलेच आहेत. भाड्याने राहत असेल तर भाड्यात धरलेले आहेत. तेव्हा अब्बांनी बिनधास्त आत जावं.

उशिरा परत केलेल्या पुस्तकाच्या दंडाचीही आता फार भीती नाही. शिकागोच्या वाचनालयाने २०१९ मध्ये असा दंड बंद केला, न्यू यॉर्क शहराने २०२१ मध्ये. पुस्तक हरवलं तर मात्र किंमत भरावी लागते.

उन्हाळ्यात नेमकं काय चालतं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही वाचनालयांनी सुट्टीतल्या शाळकरी मुलांसाठी वाचनाचे उपक्रम सुरू केले. पुढे ते देशभर पसरले आणि मोठ्यांसाठीही निघाले. आता बरीच वाचनालयं मिळून दरवर्षी एक समान विषय घेतात. २०२४ चा विषय साहसाचा होता, २०२५ चा रंगांचा, 'कलर अवर वर्ल्ड'. त्याच विषयावर मुलांचे वेगळे आणि मोठ्यांचे वेगळे कार्यक्रम आखले जातात. शाळा सुटल्या की हे सुरू होतं आणि जुलैच्या शेवटापर्यंत किंवा ऑगस्टमध्ये संपतं. शाळा सगळीकडे एकाच वेळी सुटत नाहीत. टेक्सासमध्ये मे संपता संपता सुटतात, न्यू जर्सीत जूनच्या उत्तरार्धात.

यातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे वाचनाची नोंद. एक कागद मिळतो किंवा फोनवर बीनस्टॅकसारखं ॲप असतं. काय वाचलं, किती वेळ वाचलं, ते लिहायचं. ठरलेला आकडा गाठला की सोडतीत नाव जातं आणि कापडी पिशवी, मग, एखाद्या स्थानिक दुकानाचं कूपन असं काहीतरी मिळतं. बक्षीस किरकोळ असतं, पण आमच्या मते इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: बहुतेक ठिकाणी वाचन कुठल्याही भाषेतलं चालतं. घरून आणलेली मराठी कादंबरी चालते, उर्दू मासिक चालतं, ऐकायचं पुस्तकही चालतं. म्हणजे इंग्रजी येत नसलेली आजीसुद्धा पहिल्या दिवसापासून यात भाग घेऊ शकते. आणि नातवाच्या कागदाशेजारी फ्रिजवर दादीचा कागद लागला की घरात काय गंमत होते ते सांगायला नको.

दुसरा प्रकार गप्पांच्या मंडळाचा. तिकडे त्याला कॉन्व्हर्सेशन सर्कल म्हणतात. आठवड्यातून एकदा तास-दीड तास आठ-दहा माणसं गोल बसतात. एक स्वयंसेवक असतो. विषय साधा: तुमच्याकडे लग्नात काय शिजतं, भाजी कुठून आणता, डॉक्टरकडे गेल्यावर काय सांगायचं. शेजारच्या खुर्चीवर चीनची आजी, पलीकडे कोलंबियाचे आजोबा, सगळ्यांचं इंग्रजी मोडकंच. आपल्याकडे इंग्रजीची लाज वाटते ती चांगलं बोलणाऱ्यांसमोर. इथे तसं कोणी नसतं, म्हणून जीभ सैल होते. अम्मींना चार महिन्यांत अस्खलित इंग्रजी येईल असं आम्ही म्हणत नाही. पण दुकानात स्वतः जाऊन 'हे बदलून द्या' म्हणण्याइतकं धाडस नक्की येतं.

या ठिकाणी व्हिसाची एक बाब सांभाळायची आहे. पर्यटक व्हिसावर नियमित अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. छंद म्हणून केलेला, पदवीसाठी न धरला जाणारा छोटा वर्ग चालतो. गप्पांचं मंडळ, विणकामाचा गट, एका दुपारचं चित्रकलेचं सत्र यात अडचण नाही. पण काही वाचनालयांत परीक्षा घेऊन, नाव नोंदवून महिनोन्‌महिने चालणारे सरकारी पैशांतले इंग्रजीचे वर्गही असतात. तिथे नाव घालण्याआधी विचारून घ्या. तसंच कोणी मेहंदी किंवा बिर्याणी शिकवायला बोलावलं तर आनंदाने जा, मात्र त्याचे पैसे घेऊ नका. ते व्हिसाच्या नियमांत बसत नाही.

बाकी यादी गावागणिक बदलते. फोन-लॅपटॉप शिकवणारं एकास-एक मार्गदर्शन, खुर्चीत बसून करायचा व्यायाम, बागकाम, विणकाम, दुपारचा सिनेमा. काही ठिकाणी शिलाई मशीन वापरायला देतात. अब्बांना व्हॉट्सॲपच्या पुढचा फोन शिकवायला मुलाला वेळ नसतो आणि वेळ असला तर धीर नसतो. तिथला माणूस तीच गोष्ट तीनदा शांतपणे सांगतो, कारण ते त्याचं कामच आहे.

कार्ड, पत्ता आणि भीती

वाचनालयाचं कार्ड तिथे राहणाऱ्याला मिळतं आणि पत्त्याचा पुरावा मागतात. पाहुणे म्हणून गेलेल्या आई-वडिलांच्या नावावर विजेचं बिल कुठून असणार? यावर उपाय सोपा आहे. बहुतेक कार्यक्रमांना कार्ड लागतच नाही, नुसतं नाव नोंदवलं की झालं. जागा कमी असतील तर गावच्या रहिवाशांना आधी घेतात, एवढंच. पुस्तकं मुलाच्या किंवा सुनेच्या कार्डावर आणता येतात. संग्रहालयांचे पासही असेच. न्यू यॉर्कमध्ये 'कल्चर पास' नावाची योजना २०१८ पासून आहे. तेरा वर्षांवरच्या कार्डधारकाला त्यातून अनेक संग्रहालयांत मोफत जाता येतं आणि पुष्कळशा पासांवर सोबतची माणसंही चालतात. रविवारचा प्रश्न सुटला.

दुसरी भीती उघड बोलली जात नाही, पण असते. आपलं नाव, आपला पेहराव, त्यात सरकारी इमारत. नाव कुठे लिहिलं जाईल, कोण विचारेल? कार्यक्रमाला येणाऱ्याचा व्हिसा बघणं हे वाचनालयाचं काम नाही. कोण काय वाचतं ही माहिती गुप्त ठेवायचा कायदा न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत आहे. आणि याबाबत तिथल्या ग्रंथपालांचा इतिहास बघण्यासारखा आहे. २००५ मध्ये तपास यंत्रणा एफबीआयने कनेक्टिकट राज्यातल्या वाचनालयांच्या एका संस्थेकडे संगणक वापरणाऱ्यांची माहिती मागितली, आणि ही मागणी कोणाला सांगायची नाही असंही बजावलं. चार ग्रंथपालांनी माहिती दिली नाही, उलट ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सरकारने ती मागणी सोडून दिली. सप्टेंबर २००१ नंतरचे ते दिवस आठवतात त्यांना या चौघांच्या हिमतीची किंमत कळेल.

हिजाबला अर्थातच काही आडकाठी नाही. नमाजसाठी वेगळी खोली असेलच असं नाही, पण अनेक वाचनालयांत अभ्यासाच्या छोट्या खोल्या तासाभरासाठी मोफत मिळतात, त्या आधी राखून ठेवता येतात. खाण्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. उन्हाळ्याच्या कार्यक्रमांत आईस्क्रीम, पिझ्झा, गोळ्या वाटतात. मार्शमेलो आणि चिवट गोळ्यांत जिलेटिन असतं, ते पुष्कळदा डुकराचं. नातवंडांच्या हातातलं पाकीटही वाचून घ्या.

खरी अडचण वेगळीच आहे: जायचं कसं? न्यू यॉर्क किंवा शिकागो शहरात बस-ट्रेन आहे. उपनगरांत गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, काही रस्त्यांना फूटपाथसुद्धा नसतो. तेव्हा ही गोष्ट अम्मी-अब्बांवर सोडून चालणार नाही, मुलांनी आणि सुनांनी बसवायला हवी. आठवड्यातून एक दिवस घरून काम असेल तर त्या सकाळी सोडायचं, जेवणाच्या सुट्टीत आणायचं. बऱ्याच गावांत ज्येष्ठांसाठी छोटी बस असते, पाहुण्यांना चालते का ते नगरपालिकेत विचारायचं. एकदा रस्ता ओळखीचा झाला की तिथे भेटलेलीच एखादी शेजारीण उद्यापासून गाडीत घेऊन जाते, असंही होतं.

वेळापत्रक मात्र दर वेळी तपासा. जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी वाचनालयं शनिवार-रविवारी बंद ठेवतात किंवा लवकर बंद करतात. १९ जून आणि ४ जुलैला तर सुट्टीच. जूनचे कार्यक्रम साधारण मे महिन्यात वेबसाइटवर लागतात, आणि शिवणकाम-चित्रकलेच्या जागा लवकर भरतात. म्हणून तिकीट काढलं की मुलाला सांगा, गावाचं नाव आणि पुढे 'पब्लिक लायब्ररी' टाकून मोठ्यांच्या कार्यक्रमांचं पान उघड आणि अम्मीचं नाव पहिल्या आठवड्यातल्या एका कार्यक्रमाला आत्ताच घालून ठेव. अब्बा कुरकुर करतील, त्यांचंही घाला.