सतरा पायऱ्या

नाक चिमटीत धरायचं, तोंडात एक बारीक स्ट्रॉ घ्यायची आणि मिनिटभर फक्त तिच्यातूनच श्वास घ्यायचा. पॅनिक अटॅकवरच्या उपचारात हा प्रयोग करून घेतात, आणि ज्याच्याकडून करून घेतात तो माणूस नेमका गुदमरण्यालाच भीत असतो. थोड्याच वेळात छाती भरून येते, कानशिलं तापतात, डोकं हलकं होतं. समोर बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञ मधेच विचारतात, "आता किती?" शून्य म्हणजे अगदी निवांत, शंभर म्हणजे आता जीवच जाणार इतकी भीती, त्या मापावर आकडा सांगायचा. समजा, "८०" असं उत्तर आलं. त्या ८० लिहून घेतात आणि गप्प राहतात. पाणी पुढे करत नाहीत, पाठीवरून हात फिरवत नाहीत, 'काही होत नाही हो तुम्हाला' असंही म्हणत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हे गप्प राहणं कोरडं वाटेल. पण या सबंध उपचारात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. माझं म्हणणं असं की चिंतारोगातून माणूस बाहेर येतो तो या गप्प राहण्याच्या आधारानं, आणि आपल्या घरांमध्ये प्रेमापोटी आपण नेमकं तेच त्याला मिळू देत नाही.

काळजी कुणाला वाटत नाही? बारावीच्या निकालाची, घराच्या हप्त्याची, आईच्या दुखण्याची काळजी वाटायलाच हवी. ती आजार होते केव्हा, तर भीती प्रसंगाच्या मानानं फार मोठी होते, उठवली तरी उठत नाही आणि माणसाचं जगणं आखूड करत नेते. सततच्या चिंतेचा विकार म्हणायला तर निदानाच्या निकषांत किमान सहा महिन्यांची अट आहे. पॅनिकमध्ये हेच काही मिनिटांत घडतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, हृदय धावू लागतं, श्वास भरभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. यातलं काहीही शरीराला धोक्याचं नाही. जिना धावत चढलं तरी थोडंफार असंच होतं. पण माणूस त्या धडधडीचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थानं आणखी घाबरतो आणि घाबरल्यामुळे आणखी धडधडतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र स्पष्ट मांडलं. अर्थात पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइड तपासून घेतलंच पाहिजे, त्यात हयगय नको. अडचण असते ती पाचव्या आणि सहाव्या ईसीजीची. 'नॉर्मल' असा रिपोर्ट हातात आला की दोन दिवस हलकं वाटतं, मग शंका येते की त्या वेळी दुखत नव्हतं म्हणून तर नॉर्मल आला नसेल? आजार इथे पोसला जातो. तपासणीनं, पळ काढण्यानं, कुणाला तरी विचारून घेण्यानं जी सुटका मिळते, तिच्यातून मेंदू एकच धडा घेतो: मी पळालो म्हणून वाचलो. धोका नव्हताच, हे कळायची संधी त्याला मिळतच नाही.

ती संधी कशी द्यायची, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण अमेरिकन संशोधिकेनं पीटर नावाच्या मुलावर केलेल्या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पीटर जेमतेम तीन वर्षांचा, आणि सशाला प्रचंड घाबरणारा. सशालाच काय, कापूस, पिसं, लोकरी कोट यांनाही. जोन्सबाईंनी त्याच्या प्रगतीच्या १७ पायऱ्या नोंदवल्या आहेत. पहिल्या पायरीवर खोलीत कुठेही पिंजऱ्यात ससा असला तरी पीटर घाबरतो. पुढच्या पायरीवर पिंजरा बारा फुटांवर चालतो, मग चार फुटांवर, मग तीन. मग पिंजरा अगदी जवळ. मग ससा खोलीत मोकळा. सतराव्या पायरीवर पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देतो. या यादीत फुटांचा हिशेब आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'धीर धर', 'मन घट्ट कर' असं त्या मुलाला कुणी सांगत बसलेलं नाही. त्याला आवडीचा खाऊ दिला, सशाला न भिणारी मुलं त्याच्याबरोबर खेळायला ठेवली आणि पिंजरा हळूहळू सरकवत आणला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीची अशी उतरंड मोठ्या माणसांच्या उपचारात पद्धतशीर आणली.

मुंबईत हीच उतरंड लोकल गाडीवर मांडता येते आणि ती किती चोख बसते पाहा. गाडीत अटॅक आल्यापासून ज्याचं गाडीत चढणंच सुटलं, त्याच्यासाठी पहिली पायरी म्हणजे नुसतं फलाटावर उभं राहून चार गाड्या जाऊ देणं. दुसरी, चर्चगेटला सुटायला वेळ असलेल्या गाडीत बसून ती सुटायच्या आत उतरणं. मग दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीनं एक स्टेशन, मग तीन. मग फास्ट गाडी, आणि तिच्यातही अंधेरीहून थेट बोरिवलीला थांबणारी, कारण जोगेश्वरीपासून कांदिवलीपर्यंतची मधली स्टेशनं नुसती खिडकीतून मागे जातात आणि उतरता येत नाही. शेवटी तीच गाडी संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीवर आधी लिहायचं की काय होईल असं वाटतं, नंतर लिहायचं की काय झालं. 'चक्कर येऊन पडेन, लोक तुडवतील' असं लिहून गेलेला माणूस परत येऊन लिहितो: ७० पर्यंत गेलं, दोन स्टेशनांनंतर ४० झालं, पडलो नाही. पॅनिकमध्ये माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण बेशुद्धीत रक्तदाब उतरतो आणि भीतीत तो चढतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट तेवढी वेगळी. ही माहिती पुस्तकात वाचून उमजते, पटते मात्र गाडीतच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना हे फार लवकर उमगलं होतं. मुलींशी बोलायची विलक्षण धास्ती असलेला हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात रोज गेला आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून तिच्याशी बोलायचं असं त्यानं स्वतःला बजावलं. महिन्याभरात १३० जणी, त्यातल्या ३० लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. पण एकीनंही आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसाला बोलावलं नाही आणि पुढची भीती ओसरली. पुढे त्यांनी उभारलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठीत आणली ती कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आणि मराठी वाचकाला समजेल अशा भाषेत सातत्यानं लिहून. तरीही आपल्याकडे या उपचाराची ओळख 'विचार बदला' एवढ्यावरच थांबते, हे मला खटकतं. एलिस बाकावर बसून नुसता विचार करत राहिले नव्हते, तोंड उघडून बोलले होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो निर्दयपणाचा. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवायचं, हा कसला उपचार? आक्षेप समजण्याजोगा आहे, पण तो उपचाराच्या बिघडलेल्या रूपाला लागू पडतो. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला विहिरीत ढकलून देणं म्हणजे हा उपचार नव्हे. इथे पायरी रुग्ण ठरवतो, ती किती कठीण त्याचा आकडा तो देतो, आणि त्याच्या होकाराशिवाय पिंजरा एक फूटही पुढे सरकत नाही. जोन्सबाईंनी पायऱ्या १७ नोंदवल्या, तीन नव्हेत, हे विसरू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुंबईची लोकल खरोखरच धोक्याची आहे, मग तिची भीती हा आजार कसा? पण नीट पाहिलं तर या रुग्णाची भीती त्या धोक्याची नसते. अटॅक आला तर पटकन उतरता यावं म्हणून तो आत सरकत नाही, दाराशीच उभा राहतो. म्हणजे छातीतल्या धडधडीला भिऊन तो गाडीतली सगळ्यात जोखमीची जागा धरतो. आजाराची भीती आणि शहाणपणाची भीती यातला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. मात्र जिथे धोका खरा आहे तिथे हा उपचार लावू नये. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईची भीती बरोबर आहे. तिला सरावाची नाही, संरक्षणाची गरज आहे. सावकाराच्या तगाद्यानं झोप उडालेल्या माणसाला आधी कर्जातून वाट हवी.

तिसरा प्रश्न घरोघरी विचारला जातो: प्राणायामानं नाही का भागत? प्राणायाम चांगला आहे, रोजच्या ताणासाठी तो जरूर करावा. पण गाडीत धडधड सुरू झाली की 'आता दीर्घ श्वास घेतला नाही तर मरेन' म्हणून घेतलेला श्वास हीही एक पळवाटच होते. मग वाचलो ते श्वासामुळे, असं मेंदू धरून चालतो. खिशातल्या गोळीचंही तसंच. अल्प्राझोलामची पट्टी नुसती जवळ असली तरी बरं वाटतं, आणि ती घरी विसरली की मधल्याच स्टेशनावर उतरून परत फिरावं लागतं. ही गोळी २०१४ पासून एच-वन यादीत आहे, चिठ्ठीची नोंद ठेवूनच ती विकायची असा नियम आहे, कारण तिची सवय लागते. तिला एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन यांच्या रांगेत बसवू नये. ही औषधं काही आठवड्यांनी काम करू लागतात, अशी सवय लावत नाहीत आणि पुष्कळांना पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याइतकं बळ त्यांच्यामुळेच मिळतं. ती घेणं हा कमकुवतपणा नाही. ती डॉक्टरांना न विचारता अचानक बंद मात्र करू नयेत.

बरं झालेलं टिकतं का, हेही विचारलं पाहिजे, आणि इथे मी पुन्हा पीटरकडे वळते. इतर मुलांच्या संगतीत तो सुधारत होता, तेवढ्यात त्याला स्कार्लेट फीवर आला. जवळपास दोन महिने तो इस्पितळात होता. बाहेर पडताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला, आणि सशाची भीती जशी होती तशी परत आली. जोन्सबाईंनी हे झाकून ठेवलं नाही. वृत्तान्तात लिहिलं आणि खाऊ देण्याची रीत सुरू करून काम पुन्हा पहिल्या पायऱ्यांपासून धरलं. भीतीची आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी दुसरी आठवण उभी राहते, हे आज संशोधनानं पक्कं झालं आहे. म्हणून आजारपणानंतर, बाळंतपणानंतर, घरातल्या मृत्यूनंतर धडधड परत आली तर उपचार फसला असं समजू नये. पुन्हा खालची पायरी धरायची, एवढंच. दुसऱ्यांदा चढताना वाट ओळखीची असते.

खरी लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की सर्रास आढळणाऱ्या मानसिक विकारांत, ज्यात चिंतारोग येतात, उपचाराची दरी ८५ टक्के आहे. शंभरातल्या ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाही. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र याहून फार उजळ असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. शंभरातले ८५ ईसीजी काढत राहतात, देवऋष्याकडे जातात, नोकरी बदलतात, लग्नकार्यं टाळतात. स्ट्रॉ, कागद आणि घड्याळ एवढ्या सामानाचा हा उपचार आहे. कमी आहे ती करून घेणारी शिकलेली माणसं. तालुक्याच्या ठिकाणी ती नाहीत आणि शहरात त्यांची फी अनेकांना झेपत नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही. सुरुवात करायला तो पुरेसा आहे, पण फोनवरून पिंजरा सतरा पायऱ्या सरकवता येईल असं नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हा सराव करून घेणारं माणूस असायला हवं.

तोवर घरातल्यांच्या हातात एक काम आहे, आणि ते अवघड आहे. "मला काही होणार नाही ना?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो, आणि दहाही वेळा आपण मायेनं "नाही गं, काही नाही होणार" म्हणतो. "मी येतो सोबत" म्हणून स्टेशनापर्यंत जातो, गाडीत चढतो, फोन चालू ठेवतो. तिला दोन घटका बरं वाटतं आणि पिंजरा पुन्हा बारा फूट मागे जातो. हे एका दिवसात तोडू नका. तिच्याशी बोलून, तिच्या संमतीनं, एकेक सोबत कमी करा. पुढच्या वेळी तिनं तोच प्रश्न विचारला तर शेजारी बसा आणि फक्त विचारा, "आता किती?" ती ८० म्हणाली तर ऐकून घ्या आणि गप्प राहा. थोड्या वेळानं पुन्हा विचारा.