आपली टीम रणजी खेळते

चार षटकं, चारही निर्धाव, दोन बळी आणि धावा शून्य. 8 नोव्हेंबर 2021 रोजी आंध्रातल्या मंगलगिरीच्या मैदानावर सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने हे पृथक्करण नोंदवलं. वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये आपल्या वाट्याची चारही षटकं टाकून एकही धाव न देणारा तो पहिला गोलंदाज. पुढे 2024च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध चारही षटकं निर्धाव टाकली तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अनेकांना तेव्हा आपला पांढरकवड्याचा पोरगा आठवला, कारण कर्णेवार पांढरकवड्याचा आहे.

तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. मूळचा उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा हा मुलगा डाव्या हातानेही तितक्याच सफाईने चेंडू टाकू लागला. हात बदलायचा तर आधी पंचांना सांगावं लागतं आणि पंच ते फलंदाजाला कळवतात, एवढाच नियम आहे. 2017च्या सप्टेंबरमध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने ही करामत केली आणि पाहुणे चक्रावले. आयपीएल बघणाऱ्याला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. विदर्भाचा धावफलक रोज उघडणाऱ्याला मात्र ते घरच्यासारखं आहे.

धावफलक रोज उघडणाऱ्या अशाच माणसांसाठी हा लेख आहे. आयपीएलमध्ये विदर्भाची टीम नाही. मुंबईची आहे, चेन्नईची आहे, लखनौचीही आहे. आमची टीम रणजी करंडक खेळते. ती चार-चार दिवसांचे सामने खेळते, बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांसमोर, आणि टीव्हीवर क्वचितच दिसते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेलं छोटं गाव आहे. तिथला आइस हॉकीचा संघ ‘हर्शी बेअर्स’ 1938पासून दुय्यम लीगमध्ये खेळतो. त्यातले चांगले खेळाडू वरच्या लीगमध्ये निघून जाणार हे गावाला माहीत असतं, तरी गाव संघाला सोडत नाही. रणजीच्या चाहत्याचं नातं नेमकं असंच आहे. खेळाडू येतात, मोठे होतात, जातात. आपण हंगाम धरून बसतो.

आणि हा हंगाम आमच्या शेताच्या हंगामाबरोबरच चालतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघत असतं तेव्हा पहिले सामने सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी आणि तिसरी-चौथी फेरी एकाच वेळी येते. 2024-25पासून भारतीय क्रिकेट मंडळाने रणजीचे दोन तुकडे केले: पाच साखळी सामने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, मग दोन महिने मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि उरलेले दोन सामने जानेवारीच्या उत्तरार्धात. तेव्हा शेतात तूर निघालेली असते. हरभरा घरी यायच्या दिवसांत बाद फेरी रंगते. हा मधला खंड मला फार आवडत नाही. चार दिवसांच्या क्रिकेटची लय एकदा लागली की ती मोडू नये असं वाटतं. पण गोलंदाजांना विसावा मिळतो, धुक्याच्या दिवसांत उत्तरेत सामने अडकत नाहीत, हेही खरं.

या दिवसांत चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘‘भाऊ, लीड भेटली का?’’ रणजीचं सगळं गणित त्या प्रश्नात आहे. निर्णायक विजयाला सहा गुण आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर वर आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन, दुसऱ्याला एक. बाद फेरीत तर सामना सुटला नाही की पहिल्या डावातली आघाडीच निकाल ठरवते. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची जोडी पंधरा धावांसाठी झगडत असते, ते बघण्यासारखं असतं. त्या पंधरा धावांवर कधी कधी अख्खा हंगाम टांगलेला असतो.

विदर्भ या नावाने संघ रणजीत उतरला तो 1957-58मध्ये. त्याआधी मध्यप्रांत आणि वऱ्हाड असा एकत्र संघ होता. पुढची जवळजवळ साठ वर्षं विदर्भाने कुणाची फारशी झोप उडवली नाही. बराच काळ टीम खालच्या प्लेट गटात होती. प्रशांत वैद्य 1990च्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, पण विदर्भाचा पहिला कसोटीपटू मिळायला 2011 उजाडलं. तो उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत वडील कामाला. 2008मध्ये रणजीत पदार्पण आणि तीन वर्षांत भारताची कसोटी टोपी. उमेशनंतर विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांत वेगवान गोलंदाज व्हायचं स्वप्न पोरांना पडू लागलं.

घडण मात्र सावकाश झाली. 2008मध्ये नागपूरजवळ जामठ्याचं नवं स्टेडियम उभं राहिलं, विदर्भ क्रिकेट असोसिएशनने अकादमीवर पैसा आणि मेहनत लावली. बाहेरचे अनुभवी खेळाडूही आणले. कर्नाटकातून गणेश सतीश आला, मुंबईतून वासिम जाफर. जाफर आदल्या वर्षी दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता आणि पैसे आधीच घेतले होते, म्हणून 2017-18चा हंगाम तो मानधनाशिवाय खेळला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल. फैजने त्या हंगामात 912 धावा केल्या. सगळं जुळून आलं ते वर्ष म्हणजे हे.

त्या वर्षी बाद फेरी त्रयस्थ मैदानांवर होती. उपांत्यपूर्व सामना सुरतला, उपांत्य कोलकात्याला, अंतिम इंदूरला. म्हणजे ज्यांच्यासाठी हा करंडक होता त्या विदर्भातल्या माणसांनी तो जवळपास मोबाईलवरच जिंकलेला पाहिला. ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना मी विसरणार नाही. पहिल्या डावात विदर्भ 185, कर्नाटक 301. त्यात करुण नायर नावाच्या फलंदाजाचे 153. हे नाव लक्षात ठेवा. दुसऱ्या डावात विदर्भाने 313 केल्या आणि कर्नाटकसमोर 198 धावांचं लक्ष्य ठेवलं. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक 7 बाद 111. पाचव्या सकाळी शेपूट चिवटपणे लढलं, धाव धाव कमी होत गेली आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्या डावात 68 धावांत 7 बळी घेतले. हा पोरगा सिव्हिल इंजिनिअर.

अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याच गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरी हॅट्ट्रिक, पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने 1972-73मध्ये घेतली होती. दिल्लीच्या 295 धावांना विदर्भाने 547 धावांचं उत्तर दिलं, अक्षय वाडकरने आपलं पहिलं प्रथम श्रेणी शतक तिथे ठोकलं, आणि 1 जानेवारी 2018 रोजी नऊ गडी राखून करंडक नागपूरला आला. विजयी फटका जाफरचा.

पुढच्या वर्षी लोक म्हणाले, एकदा लागलं. 2019च्या फेब्रुवारीत अंतिम सामना घरी, जामठ्यावर आला. समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. विदर्भ पहिल्या डावात 312 पर्यंत पोचला त्यात आमच्या कर्णेवारचे नाबाद 73 होते. सौराष्ट्र 307. लीड भेटली, पाच धावांची. दुसऱ्या डावात सौराष्ट्रला 206 हव्या होत्या आणि ते 127 मध्ये गुंडाळले गेले. आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सामन्यात 11 बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत, 1 आणि 0 वर, माघारी पाठवलं. लगेच झालेल्या इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध कर्णेवारने 102 धावा केल्या, त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक. विदर्भाने तो करंडकही राखला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना दिली.

जामठा आमच्या बाजूला आहे हे यवतमाळकरांचं भाग्य. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा, सेलू करत बुटीबोरी गाठली की नागपूर लागायच्या आधीच स्टेडियम येतं. पांढरकवड्याहून तर वडकी, हिंगणघाट, जाम असा सरळ राष्ट्रीय महामार्ग. रणजीला सहसा तिकीट नसतं. पाठीवर ऊन घेत बसायचं, शेजारच्या अनोळखी माणसाला डबा पुढे करायचा, आणि मैदानातला बॅटचा आवाज स्वच्छ ऐकायचा. कसोटीच्या किंवा टी-ट्वेंटीच्या गर्दीत तो कधीच ऐकू येत नाही. क्षेत्ररक्षक एकमेकांना काय सांगतात, यष्टिरक्षक गोलंदाजाला कसा धीर देतो, हेही कानावर पडतं. क्रिकेट शिकायचं असेल तर पोरांना एकदा तरी रणजीच्या सामन्याला न्यावं असं मला मनापासून वाटतं.

2024च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धचा अंतिम सामना विदर्भ 169 धावांनी हरला. पहिल्या डावात 105 सर्वबाद झाल्यावर खरं तर संपलं होतं. पण दुसऱ्या डावात 538 धावांचा पाठलाग करताना कर्णधार वाडकरने शतक काढलं, हर्ष दुबेने 65 केल्या आणि पाचव्या दिवसापर्यंत मुंबईला वाट बघायला लावली. मुंबईचं ते बेचाळिसावं विजेतेपद. हरलेल्या त्या सामन्याने मला या टीमबद्दल जास्त खात्री दिली. प्लेट गटातला विदर्भ असा हरत नसे.

आणि मग 2024-25. साखळीत सातपैकी सहा विजय. हर्ष दुबे बळी घेत सुटला तो थेट 69 वर जाऊन थांबला. रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम, आधीचा बिहारच्या आशुतोष अमनचा 68 बळींचा होता. यश राठोडने 960 धावा केल्या. उपांत्य फेरीत पुन्हा मुंबई, या वेळी जामठ्यावर. पार्थ रेखाडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं. विदर्भ 80 धावांनी जिंकला. वानखेडेचा हिशेब वर्षभरात चुकता झाला.

अंतिम सामना केरळशी होता, 26 फेब्रुवारीपासून. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला आणि त्यांच्याकडून खेळत होता आदित्य सरवटे. होय, तोच, 2019चा नायक. आता तो केरळसाठी खेळत होता, आणि केरळला अंतिम फेरीत पोचवणारा शेवटचा बळीही त्याचाच. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आपटून वर उडाला आणि झेल झाला, केरळला दोन धावांची आघाडी मिळाली. आता तो जामठ्यावर पॅड बांधून उतरला, समोर विदर्भाची टीम, खाली ती खेळपट्टी जिच्यावर त्याने पुजाराला गुंतवलं होतं. त्याने 79 धावा केल्या. त्याच्या प्रत्येक चौकाराला पोटात कळ यायची आणि तरी हात टाळीसाठी उठायचे. हे प्रेम कुठल्या जर्सीवर आहे असं मला कुणी विचारलं तर मी त्या दुपारकडे बोट दाखवीन. आपल्या मैदानावर घडलेला माणूस चांगला खेळतो याचं समाधान आणि आपली टीम अडचणीत येते याची धाकधूक, दोन्ही खरी होती.

विदर्भाची सुरुवात त्या सामन्यात वाईट होती, 3 बाद 24. तिथून एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने आणि करुण नायरने 215 धावांची भागीदारी केली. करुण म्हणजे कोलकात्यात आमच्याविरुद्ध 153 काढणारा तोच. कर्नाटकच्या संघातून वगळला गेल्यावर त्याला 2023मध्ये विदर्भाने आसरा दिला होता. तो धावबाद झाला 86 वर. दानिशने केल्या 153, तोच आकडा. विदर्भ 379. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर असताना रेखाडेला उंच फटका मारायला गेला आणि करुणच्याच हातात सापडला. केरळ 342. लीड भेटली, सदतीस धावांची. दुसऱ्या डावात करुणने 135 धावा केल्या आणि हंगामातल्या सगळ्या स्पर्धा मिळून नववं शतक म्हणून नऊ बोटं दाखवली. 2 मार्च 2025 रोजी सामना अनिर्णित राहिला आणि करंडक तिसऱ्यांदा विदर्भाचा झाला. तीन महिन्यांनी इंग्लंडमध्ये करुण आठ वर्षांनी भारताकडून कसोटी खेळायला उतरला.

आता करुण पुन्हा कर्नाटककडून खेळतो. जितेश शर्मा, आमच्या अमरावतीचा, बडोद्याला गेला. हर्ष दुबेला भारत ‘अ’ संघाने बोलावलं. टीम पुन्हा बदलते आहे आणि जागा रिकाम्या झाल्या की नवी नावं धावफलकावर येतात. ऑक्टोबर 2025च्या सुरुवातीला जामठ्यावर झालेल्या इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेने 143 धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारताला 93 धावांनी हरवलं. इराणी करंडकात विदर्भ आजवर तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा करंडक घेऊन परतला.