लेहची धावपट्टी : 1948 पासून आजवर

फेब्रुवारी 1948. काश्मीरचे युद्ध सुरू, काश्मीरहून लडाखकडे नेणारी झोजिला खिंड बर्फाखाली गडप झालेली, पाकिस्तानच्या बाजूचे हल्लेखोर उत्तरेच्या स्कर्दूला वेढा घालून बसलेले आणि लेह जवळजवळ उघडे. अशा वेळी मेजर पृथी चंद मूठभर स्वयंसेवक जवान घेऊन ऐन हिवाळ्यात ती खिंड पायी ओलांडून आले. सोबत सोनम नोर्बू हे लडाखी अभियंते होते. लेहला पोचल्यावर त्यांनी सिंधूकाठच्या सपाटीवर धावपट्टीचे काम काढले. यंत्रे नव्हतीच. आसपासच्या गावांतली माणसे आली, त्यांनी दगड वेचले, जमीन सारखी केली, आणि काही आठवड्यांत पट्टी उभी राहिली.

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा उतरवले. शेजारी या आघाडीचे सेनापती जनरल थिमय्या होते. नकाशे अपुरे, वाटेत विमानाच्या आवाक्याबाहेरची शिखरे. म्हणून दऱ्यांमधून वाट काढत ते आले. पुढे याच पट्टीवर सैन्य उतरले आणि लेह वाचले. मेहर सिंगांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. पण उतरायला जागा तयार करणाऱ्या सोनम नोर्बूंचे नाव लडाखबाहेर फारसे कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

विमानतळ 3256 मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीच्या मानाने इथली हवा पाव भागाहून अधिक विरळ. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते, म्हणून विमान पुरते भरून उडवता येत नाही. एका टोकाला स्पितुक मठाची टेकडी, भोवती डोंगर आणि दुपारी सुटणारा वारा. त्यामुळे प्रवासी विमानांची वर्दळ मुख्यतः सकाळचीच. जुलै 2024 च्या अखेरीस लेहमध्ये उष्मा इतका वाढला की हवा आणखी विरळ झाली आणि विमाने रद्द करावी लागली. थंड वाळवंटातल्या विमानतळाला उन्हाने अडवावे, ही पुढच्या काळाची गंभीर सूचना आहे.

1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुला झाला, मग नागरी विमाने आली. 1984 पासून सियाचेन हिमनदीवरच्या सैन्याच्या रसदीचा भार वाढला. ऑगस्ट 2010 मधल्या ढगफुटीत चिखल आणि राडारोडा धावपट्टीवरही आला. तो तातडीने हटवल्यामुळेच मदतीची विमाने उतरू शकली. 2003 मध्ये निवर्तलेले कुशोक बकुला रिनपोछे यांचे नाव विमानतळाला मिळाले. लडाखचे धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी राहिलेल्या या माणसाचे नाव तिथे शोभते.

आपल्याकडची मंडळी मे-जूनमध्ये दिल्लीहून पहाटेच्या विमानाने इथे उतरतात, पहिला दिवस हॉटेलात विश्रांती घेतात आणि मग पँगाँग सरोवराकडे निघतात. त्यांना विमान सोयीचे वाटते. जानेवारीत मात्र खिंडी बंद झाल्या की दिल्ली-चंडीगडला उपचारांसाठी निघालेला रुग्ण किंवा सुट्टीत घरी परतणारा विद्यार्थी या एका पट्टीवरच अवलंबून असतो, आणि नेमके तेव्हाच तिकीट त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. 2019 मध्ये मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. उन्हाळ्याच्या गर्दीसाठी ते हवेच. पण ज्यांच्या आजा-आजींनी हाताने दगड वेचून ही पट्टी तयार केली, त्यांना हिवाळ्यात परवडेल अशा भाड्यात जागा राखून ठेवणे टर्मिनलइतकेच निकडीचे आहे.