पीएच.डी. करताना इंटर्नशिप: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या तिन्ही एमआयडीसी तिथून फार तर तासाभरावर. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा, आणि चिकलठाण्यात वोक्हार्टचे संशोधन केंद्र. न्यूमोनियावरचे नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, ज्याची ओळख केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये देशाला करून दिली, ते याच कंपनीचे.

तरीही ‘पेट’ ही पीएच.डी. प्रवेश परीक्षा पास होऊन नोंदणी केलेला एखादा संशोधक ‘तीन महिने बाहेर काम करून बघू का?’ असे म्हणाला, की वसतिगृहापासून कॅन्टीनपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो नोंदणी रद्द होईल, दुसरा म्हणतो फेलोशिप जाईल, तिसरा म्हणतो कंपनीचा डेटा मिळाला की प्रबंध तयारच. यातले काही अर्धे खरे, काही साफ चूक.

गैरसमज १: इंटर्नशिप हे पदवीच्या मुलांचे काम.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले, त्यामुळे हा समज पक्का झाला. पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) बघा. तिथले बरेच संशोधक ‘एसीएसआयआर’ या संस्थेची पीएच.डी. करतात. त्यांच्या अभ्यासक्रमात ‘सीएसआयआर-८००’ नावाचा सहा ते आठ आठवड्यांचा प्रकल्प असतो. त्यात ग्रामीण भागाशी निगडित प्रश्न घेऊन काम करावे लागते. रोजचे रसायनशास्त्र बाजूला ठेवून पाणी, शेती, आरोग्य यांकडे वळावे लागते.

ब्रिटनमध्ये जीवशास्त्राला निधी देणाऱ्या ‘बीबीएसआरसी’ने २०१२ पासून आपल्या प्रशिक्षण कार्यक्रमांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांची इंटर्नशिप ठेवली. तिची अट आपल्याकडे ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते: काम प्रबंधाच्या विषयाशी थेट संबंधित नसावे. कुणी शाळेत जातो, कुणी धोरण ठरवणाऱ्या कार्यालयात, कुणी प्रसारमाध्यमात.

गैरसमज २: यूजीसीचा नियमच आड येतो.

नोव्हेंबर २०२२ ची यूजीसीची पीएच.डी. नियमावली उघडून वाचली, तर उद्योगातल्या इंटर्नशिपची सक्ती तिच्यात नाही, तशी सरसकट बंदीही नाही. तिच्यात १२ ते १६ श्रेयांकांचे कोर्सवर्क आहे. अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण आहे, आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामाची मुभाही आहे. शिवाय दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. परवानगी मागायची जागाही तीच: आधी गाईड, मग समिती, मग संशोधन केंद्राचे प्रमुख. तोंडी ‘जा’ म्हटल्यावर निघून गेलेला संशोधक पुढे प्रगती अहवालात अडकतो. अडचण येते ती बहुधा कागद नसल्यामुळे.

गैरसमज ३: तीन महिने गेले की पदवी वर्षभर लांबते.

नियमावलीनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. या हिशेबात तीन महिने फार मोठे नाहीत. अमेरिकेतल्या दहा संस्थांमधल्या जीववैद्यकीय संशोधकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये ‘पीएलओएस बायोलॉजी’त आला. इंटर्नशिपसह करिअरविषयक उपक्रमांत भाग घेतल्याने पदवीला जास्त वेळ लागला किंवा शोधनिबंध कमी झाले, असे त्यात दिसले नाही. वेळ मात्र बघूनच निवडावी लागते. कोर्सवर्कच्या मधोमध किंवा सिनॉप्सिसच्या तोंडावर बाहेर पडणे महागात पडते. माहिती गोळा करून झाली आणि विश्लेषण सुरू व्हायचे आहे, तो काळ बरा.

गैरसमज ४: फेलोशिप चालू ठेवून स्टायपेंडही घेता येते.

इथे खबरदारी हवी. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. या फेलोशिपची अट अशी, की त्या काळात दुसरीकडून पगार, मानधन वा स्टायपेंड घ्यायचे नाही. रजाही वर्षाला, सार्वजनिक सुट्या सोडून, ३० दिवसांची. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या फेलोशिपवर असलेल्यांनी आपापल्या संस्थेच्या अटी वाचून लेखी विचारणा करावी.

सरकारी इंटर्नशिपवर भिस्त ठेवणारेही फसतात. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना २१ ते २४ वयोगटासाठी होती. तिच्यात पूर्णवेळ शिकणारे बसत नव्हते, पदव्युत्तर पदवीधरही नाहीत. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र. नीती आयोगाची इंटर्नशिप मात्र संशोधकांनाही खुली आहे: सहा आठवडे ते सहा महिने, बिनपगारी.

गैरसमज ५: कंपनीत मिळालेला डेटा प्रबंधात वापरता येतो.

प्रबंध हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. पदवीनंतर त्याची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे जाते आणि ‘शोधगंगा’वर कुणालाही वाचता येते. कंपनीचा गोपनीयता करार याच्या नेमका उलट असतो. पेटंटचे दुखणे आणखी वेगळे. शोध अर्ज करण्याआधीच छापून आला, तर भारतीय कायद्यात त्याचे नावीन्य धोक्यात येते. त्यामुळे कोणती निरीक्षणे कुणाच्या मालकीची, शोधनिबंधावर नाव कुणाचे आणि छापण्याआधी मसुदा कुणाला दाखवायचा, हे रुजू होण्यापूर्वी लिहून घ्यावे लागते. नंतर बोलणी सुरू झाली, तर बहुतेकदा प्रबंधातले एखादे प्रकरण गाळावे लागते.

गैरसमज ६: हे सगळे विज्ञान आणि अभियांत्रिकीवाल्यांसाठी.

संभाजीनगरसारख्या जिल्ह्यात हा समज सर्वांत कमी टिकतो. इतिहासाच्या संशोधकाला इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय आहे. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सिंचन आणि पाणीवाटपाचा प्रश्न आतून बघायचा, तर पैठण रस्त्यावर १९८० पासूनची ‘वाल्मी’ (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे. वनस्पतिशास्त्रवाल्याला जालना जवळ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

यांतल्या प्रत्येक ठिकाणी तयार इंटर्नशिपची जाहिरात निघेलच असे नाही. बरेचदा संशोधकालाच पत्र लिहावे लागते. त्या पत्रात चार गोष्टी हव्यात: काम कोणते, किती आठवडे, तिथे देखरेख कुणाची आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीचा वापर कसा होणार. सोबत गाईडचे संमतीपत्र, आणि फेलोशिप असेल तर ती देणाऱ्या संस्थेचा लेखी होकार.