पेटीत नसलेला गंधार

पेटीवर पांढरी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये एकच काळी पट्टी असते. गळा त्या मधल्या जागेत हवा तिथे थांबू शकतो, बोट नाही थांबू शकत. हार्मोनियमवरचा हा आक्षेप जुना आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम तयार केली, तीही याच अडचणीवरचं उत्तर म्हणून.

आता तुम्हाला सांगितलं की हीच अडचण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका स्वस्त घरगुती संगणकाने एका ओळीत सोडवली होती, तर?

त्या संगणकाचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने तो एप्रिल १९८२ मध्ये आणला. रबरी बटणं, टीव्हीला जोडायचं, प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरायचे. मेमरी १६ किंवा ४८ किलोबाइट. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने त्याची परवानाधारक आवृत्ती विकायला काढली.

या यंत्रात आवाजासाठी वेगळी चिप नव्हती. होता तो फक्त एक छोटा स्पीकर, आणि त्याला दोनच गोष्टी कळायच्या: आत जा, बाहेर ये. मग सूर कुठून यायचा? तो प्रोसेसरने मोजून काढायचा. सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे नेमकं हेच. जे काम वाद्याच्या तारेने, पत्तीने किंवा खास चिपने करायचं, ते प्रोग्राम आकडे मोजून करतो.

आपण साहित्याचे विद्यार्थी, मात्रा मोजायची आपल्याला सवय आहे. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके मोजतो. मध्य सप्तकातली पांढरी एक हा आपला सा धरू. त्याची कंपनसंख्या सुमारे २६१.६३ हर्ट्झ. म्हणजे एका कंपनाला साधारण १३,३७८ ठोके. प्रोसेसरने त्यातले निम्मे मोजायचे, स्पीकर बाहेर ढकलायचा, उरलेले निम्मे मोजायचे, आत ओढायचा. असं सेकंदाला २६१ वेळा झालं की सा ऐकू येतो. मोजायचे ठोके कमी केले की सूर चढतो. बस्स, एवढंच गणित.

बेसिक भाषेत यासाठी बीप नावाची आज्ञा होती. तिला दोन आकडे द्यायचे: किती सेकंद आणि किती उंच. उंची अर्ध्या स्वरांत मोजायची. ० म्हणजे मध्य सा, ४ म्हणजे पेटीवरचा शुद्ध ग, ७ म्हणजे प. गंमत अशी की हा दुसरा आकडा पूर्णांकच हवा अशी अट नव्हती. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या मूळ माहितीपुस्तिकेत तर स्पष्ट सांगितलंय की भारतीय संगीतासारख्या काही संगीतांना अर्ध्या स्वराहून लहान अंतरं लागतात आणि ती इथे अपूर्णांक देऊन वाजवता येतात.

तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो तो साच्या सव्वापट असतो, म्हणजे ३२७ हर्ट्झ. पेटीचा ग ३२९.६. अंतर अडीच हर्ट्झच्या आसपास, पण कानाला टोचणारं. स्पेक्ट्रमला ४ ऐवजी ३.८६ सांगितलं की झालं. प्रोसेसरच्या हिशेबात एका कंपनामागे फक्त ८४ ठोके जास्त.

याच्याशी बीबीसी मायक्रो ताडून पाहा. १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून हे संगणक आपल्या देशातल्या शाळांमध्ये गेले. त्यात आवाजाची स्वतंत्र चिप होती, तीन सूर एकदम वाजायचे. पण त्याच्या बेसिकमध्ये अर्ध्या स्वराचे चारच भाग पडायचे. गंधारासाठी ३.७५ घ्या किंवा ४ घ्या, नेमका स्वर दोन्हींच्या मधे राहतो. यंत्र श्रीमंत, पण त्याच्या पायऱ्या ठरलेल्या.

स्पेक्ट्रमची गरिबी दुसरीकडे दिसायची. स्पीकर एकच, मग सा आणि प एकत्र कसे वाजवायचे? लोकांनी वाट काढली. प्रोसेसरने दोन मोजण्या शेजारी शेजारी चालवायच्या आणि ज्याची वेळ येईल त्याचा अगदी बारीक टोला स्पीकरला द्यायचा. टोले इतके जवळ पडतात की कानाला दोन सूर एकदम ऐकू येतात. १९८५ च्या 'व्हॅम! द म्युझिक बॉक्स' या प्रोग्रामने घरबसल्या दोन आवाजांची रचना करता येऊ लागली. टिम फॉलिन या तरुणाने तर 'क्रोनॉस'सारख्या खेळांसाठी याच एका स्पीकरमधून अनेक आवाज काढले. किंमत एकच: मोजणी चालू असताना प्रोसेसरला दुसरं काही करायला सवड नाही. म्हणून असं भरगच्च संगीत बहुतेक वेळा खेळ सुरू होण्याआधीच्या पडद्यावर ऐकू येतं. खेळात उरतात टकटक आणि खरखर.

आज ते यंत्र मिळवायची गरज नाही. 'फ्यूज' नावाचा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचं सोंग हुबेहूब वठवतो, एकदा उतरवून घेतला की इंटरनेटही नको. निर्ण्याला घरी असताना मी काकांना दोन्ही गंधार ऐकवले. काका मिस्सामध्ये भक्तिगीतांना पेटीची साथ करतात. कुठला कुठला ते सांगितलं नव्हतं. पहिला सा, मग ४. पुन्हा सा, मग ३.८६. काका दुसऱ्यावर लगेच म्हणाले, "ह्यो गळ्यातला हाय बघ. पयला पेटीतला." आवाज खेळण्यातल्या भोंग्यासारखा होता, तरी त्यांना ओळखू आलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे. आमच्याकडची पोरं आता मोबाइलवरच्या फुकट कीबोर्डवर गाणी बसवतात. त्यात बहुतेक वेळा बाराच स्वर असतात आणि मधलं काही मागायची सोयच दिसत नाही. मग हळूहळू पेटीचा गंधारच खरा वाटू लागतो आणि आजीचा गळा बेसूर. यंत्राची ताकद वाढल्याने हे आपोआप सुटत नाही. बनवणाऱ्याने आकडा लिहायची जागा मोकळी ठेवली की नाही, यावर ते ठरतं. १९८२ मध्ये कोणीतरी ती ठेवली होती.

तुम्हीही करून पाहा. आधी सा दोन सेकंद, मग ३.८६, मग ४. प साठी ७.०२ आणि ध साठी ८.८४ द्या. शेजारी घरातलं कोणी गाणारं माणूस बसवा, आणि आकडे न सांगता विचारा, आपला कुठला.